'बे-लीफ': एका शेतघराचा जीर्णोद्धार

इंग्लंडातील जुन्या वास्तूंची वर्णने आपण पुष्कळ वाचतो. पण ती राजवाड्यांची, किल्ल्यांची आणि चर्चांची असतात. कुळंब्याचे घर हीही वास्तुकला होऊ शकते, हे क्वचितच ध्यानात येते. वेस्ट ससेक्समधील सिंगलटन येथे वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयाच्या आवारात उभे असलेले 'बे-लीफ' हे घर या दृष्टीने परीक्षणास घेण्याजोगे आहे.

ते मूळचे केन्ट परगण्यातील चिडिंगस्टोनजवळचे. बाऊ बीच तलावाच्या कामात त्याची जागा जाणार असल्यामुळे १९६८-६९ च्या सुमारास ते सोडविण्यात आले आणि १९७२ साली येथे पुन्हा उभारण्यात आले. वाचकास नवल वाटेल. पण ओक लाकडाचा सांगाडा, एकाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून लाकडी खुंट्या ठोकलेला, आणि मधल्या भिंती कुडाच्या. असले घर बांधणाऱ्याने ते सोडविण्याची सोयही नकळत करून ठेविलेली असते.

घराचा प्राण म्हणजे मधला दिवाणखाना. त्यास माळा नाही. नजर थेट आढ्याला भिडते. जमिनीच्या मध्यभागी उघडी चूल, धुरांडे मुळीच नाही. धूर वर चढून वाट मिळेल तसा बाहेर पडे. खिडक्यांस काचा नाहीत, लाकडी गज व झडपा आहेत. एका टोकास अन्न व पेये साठविण्याच्या खोल्या, दुसऱ्या टोकास धन्याची बैठक आणि तीवर निजावयाची खोली. येणाऱ्याने आपली पायरी ओळखून कोठवर जावे, हे भिंतींनीच सांगितले आहे. दोन्ही टोकांचे वरचे मजले पुढे झुकलेले, मधला भाग आत राहिलेला, आणि सर्वांवर एकच कौलारू छप्पर. ही प्रमाणबद्धता पाहून सारे एकाच सुताराचे काम वाटते. पण लाकडांतील वर्षवलयांवरून दिवाणखाना व साठवणीचे टोक १४०५ ते १४३० मधील, तर धन्याचे टोक १५०५ ते १५१० मधील ठरले आहे. नव्याने जुन्याचा इतका मान राखलेला क्वचितच आढळतो.

आक्षेप येथूनच सुरू होतो. संग्रहालयाने हे घर सुमारे १५४० सालच्या रूपात दाखविण्याचे ठरविले. त्यानंतरच्या पिढ्यांनी केलेले फेरफार काढून टाकले, नाहीसे झालेले भाग नव्या लाकडाने पुरे केले आणि आत त्या काळच्या सामानाच्या प्रतिकृती मांडल्या. विल्यम मॉरिसने १८७७ साली प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी जी संस्था स्थापिली, तिचा कटाक्ष नेमका अशा जीर्णोद्धारावर होता. एक काळ निवडून बाकीचे पुसून टाकणे म्हणजे घराचे चरित्र खोडणे होय, असा तो पक्ष. तो मला पटतो. १५०५ ची भर मान्य करावयाची आणि पुढील पिढ्यांची अमान्य, या निवडीस घराच्या अंगचा असा आधार कोणता?

तथापि पक्ष पटूनही निकाल त्या बाजूने देववत नाही. दिवाणखाना पुन्हा मोकळा झाला नसता, तर धुरानेच आखलेले हे घर आपणास कळले नसते. वर नुसते काजळलेले वासे दिसले असते, आणि त्यांखाली चूल कोठे होती याचा तर्क करीत बसावे लागले असते. मात्र काढून टाकलेल्या फेरफारांची हकीकत दारापाशी ठळकपणे मांडलेली असावी. पाहुण्याने ती आत शिरण्यापूर्वी वाचावी, नंतर नव्हे.