पलटणीतलं हसू

आपल्या लेखनात महार सैनिक मला दिसतो तो १८१८च्या कोरेगावच्या स्तंभावरच. लंगरच्या रांगेत उस्तादाची नक्कल करणारा रंगरूट कुठाय? विट्यात रजेवर आलेले जवान पिठ्ठू परेडचे किस्से सांगतात, आम्ही पोट धरून हसतो. लिहायला बसलो की नुसतं शौर्य!

हे हसू हलकं नाही. १८९०च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. मधली १९१७-२१ची १११वी पलटण सोडली, तर १९४१ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत दार बंदच. उस्तादाची शिवी खायचा हक्कसुद्धा भांडून मिळवावा लागला. बराकीत जात मेली असं मी म्हणत नाही. पण गावात शिवी जात बघून मिळायची, कवायतीत चुकलेलं पाऊल बघून. त्या फरकावर जवान हसतो. ते लिहा.