जुन्या साच्यांतील मेद आणि मजकुराची सीमा

जुन्या संकेतस्थळाचा साचा नव्या आरेखन-सॉफ्टवेअरमध्ये उघडला असता येणारा अनुभव आता परिचित झाला आहे. पडद्यावर दिसणारा मजकूर चार परिच्छेदांचा असतो. त्यामागील संहिता मात्र शेकडो ओळींची. कोष्टकाच्या पोटात कोष्टक, त्याच्या पोटात आणखी एक, आणि प्रत्येक घरात अक्षराचा आकार व रंग पुनःपुन्हा सांगणाऱ्या खुणा! या मेदवृद्धीवर तज्ज्ञांचा उपचार ठरलेला आहे: मांडणी ही मजकुराहून भिन्न होय, म्हणून मांडणीच्या खुणा काढून टाकाव्या आणि मजकूर तेवढा नव्या साच्यात ठेवावा. हा सिद्धान्त सामान्यतः ग्राह्य आहे. तथापि जुन्या मराठी संकेतस्थळांना तो जसाच्या तसा लावला, तर मेदाबरोबर मजकूरही नष्ट होतो, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम या मेदाची उत्पत्ती पाहू. नेटस्केप ब्राउझर १९९५ मध्ये कोष्टके दाखवू लागला. कोष्टकांचे मूळ प्रयोजन आकडेवारी मांडण्याचे. परंतु पृष्ठाचे स्तंभ पाडण्याचे दुसरे साधन हाती नसल्यामुळे आरेखनकारांनी त्यांनाच मांडणीच्या कामी जुंपले. डेव्हिड सीगल यांच्या १९९६ मधील ‘क्रिएटिंग किलर वेब साइट्स’ या ग्रंथाने एका बिंदूएवढे पारदर्शक चित्र ताणून हवी तेवढी मोकळी जागा निर्माण करण्याची युक्ती लोकप्रिय केली. सीएसएस या शैलीभाषेची पहिली शिफारस त्याच वर्षीच्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली, हे खरे; परंतु तत्कालीन ब्राउझर तिचा अर्थ अपुरा व परस्परविसंगत लावीत. म्हणजे आज ज्याला आपण मेद म्हणतो, तो त्या काळी अस्थिपंजर होता. पुढे १९९७ मध्ये, वेब आपणच बिघडविले अशी कबुली खुद्द सीगल यांनी दिली. ती प्रांजळ असली तरी स्वतःवर काहीशी अन्याय करणारी आहे.

यानंतरचा सुधारणावादी पक्ष २००३ च्या सुमारास प्रबळ झाला. जेफ्री झेल्डमन यांच्या ‘डिझायनिंग विथ वेब स्टँडर्ड्स’ या ग्रंथाने त्याची तात्त्विक बाजू मांडली. डेव्ह शे यांच्या ‘सीएसएस झेन गार्डन’ या संकेतस्थळाने त्याचे प्रात्यक्षिक घडविले. तेथे मूळ पृष्ठाच्या एका अक्षरासही धक्का न लावता केवळ शैलीपत्रक बदलून त्याची शेकडो रूपे सिद्ध झाली. भ्रमणध्वनीच्या लहान पडद्यावर पृष्ठ वाचता यावे, दृष्टिहीनांच्या वाचक-प्रणालीला मजकुराचा क्रम कळावा, ही उद्दिष्टे या विचारामुळेच साध्य झाली. त्याचे श्रेय निर्विवाद आहे.

परंतु या पक्षाचे एक गृहीतकृत्य आहे, आणि ते कोठेही उच्चारले गेलेले नाही. ते असे की, फाँट बदलला तरी अक्षर तेच राहते. इंग्रजीपुरते हे सत्य आहे. जुन्या मराठी पृष्ठांपुरते ते सत्य नाही.

युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीचा समावेश होता. पण सामान्य संगणकावर ती सुलभपणे उमटावी अशी व्यवस्था विंडोज २००० पासून हळूहळू रूढ झाली. तोपर्यंत, आणि पुढेही कित्येक वर्षे, मराठी मजकूर शिवाजी, डीव्हीबी-टीटीयोगेश यांसारख्या फाँटांत लिहिला गेला. या फाँटांत रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे बसविलेले असत: कोठे अर्धे अक्षर, कोठे काना, कोठे वेलांटी. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून साठविलीही आधीच जाई. फाइलमध्ये प्रत्यक्ष देवनागरी अक्षर एकही नसे. ती अक्षरे फाँट निर्माण करी. शिवाय प्रत्येक घराण्याच्या फाँटाची वाटणी निराळी. तेव्हा पृष्ठातील फाँटाचे नाव हा अलंकार नव्हता. ती त्या मजकुराच्या वाचनाची किल्ली होती. मजकूर व मांडणी यांची सीमारेषा येथे अक्षराच्या आतून जाते.

आता नवे सॉफ्टवेअर या पृष्ठाचे काय करते ते पाहावे. १९९७ च्या एचटीएमएल ४.० ने फाँटची खूण अनिष्ट ठरविली होती. पुढे एचटीएमएल ५ ने तिला कालबाह्य म्हटले. म्हणून स्वच्छतेची आज्ञा दिली की ती खूण प्रथम बळी पडते. तिच्याबरोबर दोन गोष्टी जातात: मजकूर कोणत्या वाटणीने वाचावा याची नोंद, आणि पृष्ठातील कोणता भाग मराठी व कोणता इंग्रजी याची सीमा. ही सीमा गेली की रूपांतर करणारी प्रणाली इंग्रजी नावांचेही देवनागरी तुकडे करते. ड्रीमवीव्हरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये साच्याचा एक भाग कुलूपबंद व दुसरा संपादनयोग्य असतो. फाँटाची खूण पहिल्यात आणि मजकूर दुसऱ्यात असेल, तर केवळ साचा बदलल्याने त्यावर आधारलेली सर्व पृष्ठे एकदम मुकी होतात.

तिसरी हानी याहून गंभीर आहे. देवनागरीचे तुकडे रोमन लिपीच्या मूळ क्रमांकांत मावत नसल्यामुळे हे फाँट १२७ च्या पुढील क्रमांकही वापरीत. आजचे सॉफ्टवेअर फाइल युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीची आहे असे समजून उघडते; न कळलेल्या क्रमांकाच्या जागी एक प्रश्नचिन्हांकित चौकट ठेवते; आणि संपादकाने सहज ‘जतन’ केले की निरनिराळ्या सर्व अज्ञात क्रमांकांची जागा ते एकच चिन्ह घेते. फाँटाचे नाव हरवले तर ते निदान अंदाजाने शोधता येते. येथे अक्षरच गेलेले असते.

यावर आक्षेप घेता येईल की, मग जुने सर्वच जपावयाचे काय? तसे मुळीच नाही. पारदर्शक चित्रे, मांडणीची कोष्टके, वर्डमधून पृष्ठ जतन करताना शिरलेल्या शैलीखुणा हे निःसंशय टाकाऊ आहे. पण टाकण्यापूर्वी ओळखावे लागते, आणि ओळखणे हे यंत्राचे नसून पाठचिकित्सकाचे काम आहे. त्याचा आदर्श आपणांस दूर शोधावयास नको. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत प्रक्षिप्त ठरलेले श्लोक मुख्य संहितेतून वगळले गेले, परंतु नष्ट केले गेले नाहीत. ते तळटीपांत व परिशिष्टांत मुद्रित झाले. संपादकाचा निर्णय चुकला असेल, तर तो तपासण्याची साधने वाचकाच्या हाती राहिली.

साच्यांच्या बाबतीतही क्रम हाच असावा. मूळ फाइल न उघडता तिची प्रत प्रथम राखावी. फाँटाच्या खुणांवरून मजकुराची वाटणी निश्चित करावी. त्यानुसार मजकूर युनिकोडमध्ये आणून तो जाणत्या वाचकाकडून तपासून घ्यावा. आणि त्यानंतरच स्वच्छतेची आज्ञा द्यावी. आज हा क्रम बहुधा उलटा असतो. वेबवरील मराठीची पहिली दहा-पंधरा वर्षे, म्हणजे त्या काळातील वृत्तपत्रे, नियतकालिके व परदेशस्थ मराठी मंडळांची पृष्ठे, ज्या फाइलींत आहेत, त्या फुगलेल्या व कुरूप आहेत यात शंका नाही. पण त्या वर्षांच्या अनेक पृष्ठांची दुसरी प्रत कोठेही नाही, हे त्यांना हात लावणाऱ्याने विसरता कामा नये.