दाराआडचा काळोख

या वर्षी मी सगळ्यांत जास्त ऐकलेला अल्बम १९६७ सालचा आहे. नाव सांगितलं की बहिणी हसतात. ‘द डोअर्स’ हा लॉस एंजेलिसच्या चौघांचा रॉक बँड, आणि त्यांच्या पहिल्या अल्बमचं नावही तेच.

आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवणं उरकतात, त्यामुळे संध्याकाळ मोठी असते. अशाच एका संध्याकाळी मुलाच्या बंद खोलीतून ‘द एंड’ ऐकू आलं. आधी वाटलं, कुणी तानपुरा जुळवतंय की काय! तसा तो भास अगदीच खोटा नव्हता. गिटारवाला रॉबी क्रीगर आणि ड्रमवाला जॉन डेन्समोर यांना भारतीय संगीताचं वेड; पंडित रविशंकरांच्या लॉस एंजेलिसमधल्या किन्नरा स्कूलमध्ये ते शिकायलाही गेले होते. या गाण्यासाठी क्रीगरनं गिटारच्या तारा वेगळ्या लावल्या. खाली एक सूर धरून ठेवलेला, त्यावर दुसरी तार सावकाश फिरते.

मग जिम मॉरिसन गाणं सोडून बोलायलाच लागतो. पहाटेआधी उठलेला खुनी, घरातल्या खोल्या, भावंडं, वडील, शेवटी आई. इडिपसची जुनी ग्रीक कथाच ही. माझं इंग्रजी बेताचं, पण एवढं कळलं आणि पोटात गोळा आला. अठरा वर्षांचा पोरगा, महिनोन्‌महिने धड बोलत नाही, आणि दार लावून हे ऐकतोय!

तुम्ही म्हणाल, नशेबाजांचं संगीत, त्यात काय शोधायचं? मीही तेच म्हणत होते. हे रेकॉर्डिंग ऑगस्ट १९६६ मधलं. कॅलिफोर्नियात एलएसडीवर बंदी आली ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. नशेची हवा त्यात आहेच, नाकारायचं कशाला? पण पुन्हापुन्हा ऐकल्यावर जाणवतो तो वाजवणाऱ्यांचा संयम. बँडमध्ये बेस गिटारवाला नाही. स्टेजवर रे मंझारेक डाव्या हातानं वेगळ्या कीबोर्डवर बेस सांभाळायचा आणि उजव्या हातानं ऑर्गन. ‘द एंड’मध्ये डेन्समोर कितीतरी वेळ हात आवरून बसतो. शब्द भयंकर होत जातात आणि वाद्यं आणखी हळू होतात. स्फोट होतो तो अगदी शेवटाकडे. साडेअकरा मिनिटं काळोख धरून ठेवायचा तर हात शुद्धीवरच लागतात.

हा अल्बम निर्दोष नाही. ‘बॅक डोअर मॅन’मध्ये नुसती पुरुषी फुशारकी आहे. ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स’मधली बाई म्हणजे लांबून न्याहाळायची वस्तू. आणि ‘द एंड’मधल्या आईला चेहरा नाही, शब्द नाही. मुलगा तिच्यापर्यंत येतो आणि ओरडतो. तिला काय वाटलं, हे कुणी विचारलेलं नाही. मला हे खुपतं, अजूनही.

मनात आणलेली हिंसा ही हिंसाच, हे आपण लहानपणापासून ऐकलंय. म्हणून हे गाणं निरुपद्रवी आहे, असं मी म्हणणार नाही. पण प्रतिक्रमणाला बसताना आपण तरी काय करतो? मनात आलेलं आधी कबूल करतो. न उच्चारलेला राग घरात मुक्कामाला राहतो.

त्या संध्याकाळी मी दार वाजवलं. पोरानं जरा नाराजीनंच उघडलं. म्हटलं, पुन्हा पहिल्यापासून लाव, मी बसते. गाणं संपल्यावर तो म्हणाला, “आई, तो मारत नाहीये गं. घर सोडून चाललाय.” नंतर वाचनात आलं, मूळ गाणं एका मैत्रिणीचा निरोप घेण्याचंच होतं, वाजवता वाजवता ते वाढत गेलं.

जूनमध्ये तो शिकायला पुण्याला गेला. खोलीचं दार आता उघडंच असतं. अल्बम मात्र मी लावते, एकटीच, दिवेलागणीनंतर. आईचा भाग आला की आवाज कमी करत नाही.