गाळणीच्या उपमेत न मावणारे मूत्रपिंड

उत्सर्जनाचा पाठ शिकवताना 'मूत्रपिंड म्हणजे शरीराची गाळणी' ही उपमा आपण सर्रास वापरतो. युरियापुरती ती कशीबशी निभावते. पण पोटात घेतलेले औषध शरीराबाहेर कसे जाते, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले की तिचा तोकडेपणा उघड होतो.

गाळणीतून खाली गेलेला चहा पुन्हा वर येत नाही. मूत्रपिंडात मात्र नेमके तेच घडते. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि लघवी होते जेमतेम दीड लिटर. बाकीचा द्रव सूक्ष्म नलिकांच्या भिंतींतून रक्तात परततो. मेदात सहज विरघळणारे औषधही याच भिंतींतून माघारी फिरते. केवळ गाळण्याने ते फारसे बाहेर पडणारच नाही. येथे यकृत मदतीला येते. त्यातील विकरे औषधाच्या रेणूत फेरबदल करतात, त्याला ग्लुकुरोनिक आम्लासारखा पाण्यात विरघळणारा घटक जोडतात. मग त्या रेणूला भिंत ओलांडता येत नाही व तो लघवीतून निघून जातो. यकृत पचनाच्या पाठात आणि मूत्रपिंड उत्सर्जनाच्या पाठात, अशी वाटणी केल्याने ही साखळीच तुटते.

पेनिसिलिनची गोष्ट उलटी. नलिकांच्या पेशी ते रक्तातून उचलून नलिकेत ढकलतात, म्हणून ते झपाट्याने बाहेर पडते. १९४१ साली ऑक्सफर्डमध्ये आल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसावर उपचार करताना त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत मिळवून त्यालाच दिले गेले. तरीही साठा संपला आणि तो दगावला.

'यकृत औषध निष्प्रभ करते' हे विधानही अर्धेच खरे. कोडीनपासून यकृत अधिक प्रभावी मॉर्फीन बनवते. पॅरासिटामॉलच्या थोड्या अंशापासून विषारी पदार्थ बनतो. ग्लुटाथायोन त्याला आवरते. पण मात्रा अति झाली की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि यकृताचीच हानी होते. 'भरपूर पाणी प्या, औषध धुऊन निघेल' हा समज येथे घातक ठरू शकतो.

या अपुऱ्या चित्राची किंमत किती असते, हे १९५९ मध्ये दिसले. क्लोरॅम्फेनिकॉल दिलेली काही नवजात बालके, विशेषतः अपुऱ्या दिवसांची, अंग राखाडी पडून दगावली. ग्लुकुरोनिक आम्ल जोडण्याची त्यांच्या यकृताची क्षमता अपुरी होती, मूत्रपिंडेही अपरिपक्व होती. औषध साठत गेले. बालक म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे.

उपमा टाकून द्यावी असे नाही. मात्र तिच्यामागोमाग फळ्यावर तीन प्रश्न लिहावेत: किती गाळले गेले? त्यातले किती परतले? किती नव्याने ढकलले गेले? पहिल्यातून दुसरे वजा करून तिसरे मिळवले की लघवीतून किती गेले ते कळते. इतकी बेरीज-वजाबाकी नववीच्या विद्यार्थ्याला जड नाही.