‘शारदा’तील रहस्यभेद

अभिज्ञान आणि स्थितिविपर्यय या दोन घटकांना अ‍ॅरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या संविधानकात विशेष महत्त्व दिले आहे. सोफोक्लीझच्या ‘ईडिपस’मध्ये हे दोन्ही एकत्रच घडून येतात, कारण जे सत्य उघड होते तोच नायकाचा मूळ प्रश्न असतो. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’त (१८९९) मात्र या दोहोंचा नाटकाच्या मूळ प्रश्नाशी असलेला संबंध सुटतो. वृद्ध भुजंगनाथ व शारदा सगोत्र असल्याचे ऐन विवाहप्रसंगी उघडकीस येते आणि लग्न मोडते. रंगभूमीवर ही कलाटणी परिणामकारक ठरते, यात शंका नाही. परंतु आरंभापासून नाटकाने उभा केलेला प्रश्न पैशाच्या लोभाने मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधू पाहणाऱ्या कांचनभटाचा आहे. गोत्रे भिन्न असती तर तेच शास्त्र या लग्नाच्या आड आले नसते. रहस्यभेदाने शारदेची सुटका होते; तिच्यावरील अन्यायाचा निवाडा होत नाही. हा संविधानकातील दोष खराच. तथापि, त्यातून त्या समाजाविषयीची एक साक्षही मिळते. जरठकुमारी विवाह थांबविण्यास तेथे मुलीचे दुःख पुरेसे नव्हते, त्यासाठी शास्त्राचाच अडसर शोधावा लागला.