पोषणगरज आणि जीवाणूंची ओळख : एक पुनर्विचार

जीवाणूंमध्ये आकारभेद थोडे. त्यामुळे ते कशावर जगतात, हा प्रश्न वर्गीकरणकारांना प्रारंभापासून महत्त्वाचा वाटला. बायेरिंक यांनी १९०१ साली नत्ररहित माध्यमात अॅझोटोबॅक्टर वाढविला, तो याच विचाराने. माध्यमात नत्र नसताना जो वाढतो, तो हवेतील नत्र घेतो, हा तर्क साधा व फलदायी होय. तथापि तो कोठपर्यंत ताणावा, याचा विचार अवश्य आहे.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील प्रवरा-गोदावरी कालव्यांच्या ऊसपट्ट्यात हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. जिवाणू खताच्या पुड्यातील जीवाणू खरोखर नत्र स्थिर करतो काय, यावर शेतकऱ्याचा खर्च अवलंबून असतो. माध्यमातील रसायनांत वा हवेत अत्यल्प अमोनिया असतोच. त्यावर तग धरणारे जीवाणूही अशा माध्यमात वाढतात. म्हणजे वाढ हा संकेत आहे, पुरावा नव्हे.

१९८५ च्या खत नियंत्रण आदेशात २००६ साली जिवाणू खते समाविष्ट झाली, तेव्हा अॅझोटोबॅक्टरसाठी एक ग्रॅम सुक्रोजमागे किमान १० मिलिग्रॅम नत्रस्थिरीकरणाची अट घातली गेली. अॅझोस्पिरिलमसाठी मात्र अर्धघन नत्ररहित माध्यमावर पांढरी साय धरणे पुरेसे मानले गेले. पहिली कसोटी कार्य मोजते, दुसरी केवळ वाढ पाहते. हा भेद उपेक्षणीय नाही.

वर्गीकरणातही हीच मर्यादा आढळते. ब्राझीलमध्ये १९८८ साली उसात सापडलेला नत्रस्थिरीकारक जीवाणू दहा टक्के साखरेच्या आम्लधर्मी माध्यमात उत्तम वाढतो. त्यास १९८९ साली अॅसिटोबॅक्टर प्रजातीत स्थान मिळाले. १९९७ मध्ये रायबोसोमी आरएनएच्या आधारे तो ग्लुकोनॅसिटोबॅक्टरमध्ये गेला. त्याचा आहार तोच राहिला, कुळाचा पत्ता बदलला. उलटपक्षी, नत्रस्थिरीकरणाचा गुण परस्परांपासून दूरच्या अनेक कुळांत विखुरलेला आहे.

म्हणून पोषणकसोटी टाकून द्यावी, असे नव्हे. असंख्य जीवाणूंतून हवा तो वेचण्यास तिच्याइतके सुलभ साधन नाही. परंतु मातीतून वा उसातून जीवाणू वेगळा करणाऱ्या विद्यार्थ्याने तीन विधाने वेगळी ठेवावीत : तो कोणत्या माध्यमात वाढला, त्याने किती नत्र स्थिर केला, आणि तो कोणत्या कुळातील आहे. पहिल्याच्या उत्तरावरून उरलेल्या दोहोंचे उत्तर गृहीत धरणे शास्त्रास धरून नाही, आणि शेतकऱ्याच्या हिताचेही नाही.