पिंजऱ्याच्या मागच्या दारी

छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात सुट्टीच्या दिवशी वाघाच्या पिंजऱ्यापुढे जी गर्दी लोटते, तिच्याकडे थोडा वेळ अलिप्तपणे पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. गर्दीचे सारे डोळे वाघावर खिळलेले असतात. वाघाचे लक्ष मात्र पुष्कळदा मागच्या दाराकडे असते. त्याचे अन्न त्या बाजूने येते, पाणी त्या बाजूने येते, आणि ते घेऊन येणारा माणूसही त्याच बाजूने येतो. गर्दीला तो माणूस दिसत नाही, आणि दिसला तरी त्याच्याकडे पाहण्याजोगे काही आहे असे तिला वाटत नाही.

प्राण्यांविषयीचे आपले वाङ्मय वाचताना आम्हाला या गर्दीची वारंवार आठवण होते. वाघ, सिंह, हत्ती, सर्प यांजविषयी मराठीत थोडेथोडके लिहिले गेलेले नाही. परंतु ते लिहिणारी लेखणी बहुधा पिंजऱ्याच्या पुढच्या बाजूस उभी असते. बंदिस्त जनावराच्या सान्निध्यात पोटासाठी रोज काम करणाऱ्या माणसाचा धोका हा विषय तिला जवळजवळ अपरिचित राहिला आहे. असे का व्हावे, आणि त्यापासून कोणाचे काय नुकसान होते, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

जनावर आणि माणूस यांचा सामना मराठी वाचकाला प्रथम घडविला तो सर्कशीने. विष्णुपंत छत्रे यांनी 1880 साली आपली सर्कस उभी केली, आणि पुढे कित्येक वर्षे या व्यवसायात महाराष्ट्राचे नाव गाजत राहिले. या परंपरेचे उत्तम वाङ्मयीन फळ म्हणजे पुण्याचे दामू धोत्रे यांचे ‘वाघ सिंह माझे सखे सोबती’ हे आत्मकथन. भानू शिरधनकर यांनी ते शब्दबद्ध केले. मामाच्या सर्कशीत पोरवयात शिरलेला एक मुलगा पुढे अमेरिकेतील रिंगलिंग बंधूंच्या जगप्रसिद्ध सर्कशीत हिंस्र पशूंचा शिक्षक म्हणून नाव मिळवितो, ही हकिकतच मुळी मन वेधून घेणारी आहे. धोत्र्यांच्या धैर्याविषयी आणि कौशल्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

तथापि सर्कशीतील धोका हा मूलतः दाखविण्याचा धोका असतो, ही गोष्ट विसरून चालणार नाही. त्याला ठरलेली वेळ असते, वाद्ये असतात, दिवे असतात. आणि खेळ संपला की टाळ्या असतात. तेथे भय हाच विकावयाचा माल. त्यामुळे पिंजऱ्यात शिरणारा मनुष्य वाचकाच्या डोळ्यांपुढे वीर म्हणूनच उभा राहतो, आणि तसा तो राहावा अशीच त्या व्यवसायाची योजना असते. खेळापूर्वी पिंजरे धुणारा, मांस कापून देणारा, जखमी जनावराला औषध घालणारा जो नोकर, त्याला या प्रकाशात जागा मिळणे कठीण.

दुसरी परंपरा याहून निराळी आणि आमच्या मते अधिक उदात्त. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पातून ती आली. विलास मनोहर यांचे ‘नेगल’ आणि डॉ. प्रकाश आमटे यांचे ‘रानमित्र’ ही पुस्तके मराठी घरांत आदराने वाचली जातात. शिकारीत आईवेगळी झालेली पिल्ले माणसांच्या घरात वाढतात, बिबट्या अंगणात वावरतो, आणि भय नावाची वस्तू प्रेमापुढे मागे सरते, असे हे जग आहे. क्रौर्याचे कौतुक करणाऱ्या शिकारकथांना या पुस्तकांनी जे उत्तर दिले, त्याचे मोल मोठे आहे.

परंतु उत्तम पुस्तकाचाही वाचकाच्या मनावर कधीकधी लेखकाने न योजिलेला परिणाम होतो. ‘सखे सोबती’, ‘मित्र’ हे शब्द वाचून मिटलेल्या पुस्तकाबरोबर वाचक एक सिद्धान्त घरी घेऊन जातो : जनावरावर माया केली म्हणजे ते इजा करीत नाही. एखाद्या असामान्य कुटुंबाने आयुष्य वेचून मिळविलेला अनुभव हा असा सर्वसाधारण नियम होऊन बसतो. आणि एकदा हा नियम मानला, की ज्याला इजा झाली त्याचीच माया कमी पडली असावी किंवा त्याचेच काही चुकले असावे, असे अनुमान ओघाने आलेच!

प्राणिरक्षकाच्या धंद्यातील वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. त्याला खरे भय असते ते सवयीचे. पिंजऱ्याचे साधारणतः दोन भाग असतात : दिवसाचा मोकळा भाग आणि रात्रीची कोठडी. दोहोंमध्ये सरकते दार. जनावराला अन्नाच्या आशेने एका भागात घ्यावयाचे, दार पाडावयाचे, कडी लावावयाची, कुलूप घालावयाचे, आत किती जनावरे आली ती मोजावयाची, आणि मगच दुसऱ्या भागात झाडू घेऊन शिरावयाचे. हे कर्म वर्षातून तीनशेहून अधिक वेळा बिनचूक करावे लागते. तीनशे दिवस कडी नीट लागली याचा तीनशेएकाव्या दिवशी काही उपयोग नसतो. 2017 च्या ऑक्टोबरात बंगळूरजवळच्या बन्नेरघट्ट उद्यानात पांढऱ्या वाघांच्या तडाख्यात एक रक्षक मृत्यू पावला. तेथे टाळ्या नव्हत्या आणि खेळही नव्हता. रोजचे काम तेवढे चालू होते.

शिवाय धोका केवळ वाघसिंहांचाच असतो असे मानणे हे गर्दीचे अज्ञान होय. माणसाच्या हातावर वाढलेला काळविटाचा किंवा हरणाचा नर वयात आला की त्याला माणसाची भीती उरलेली नसते. विणीच्या हंगामात तो रक्षकालाच प्रतिस्पर्धी समजून शिंगे रोखतो. येथे माया हेच संकटाचे मूळ ठरते. सर्पदंश आहे, माकडाचा चावा आहे, आणि डोळ्यांना न दिसणारे क्षय व पिसाळरोग यांसारखे जनावराकडून माणसाकडे येणारे रोग आहेत. आणि सर्वांत हत्ती! माजावर आलेल्या हत्तीच्या कानशिलाजवळून मद पाझरू लागतो. संस्कृत कवींनी या मदावर भुंग्यांचे थवे बसवून त्याला काव्याचा अलंकार करून टाकले. माहुताच्या दृष्टीने मात्र ती वर्षातील सर्वांत घातक वेळ. वर्षानुवर्षे ज्याच्या हातचे अन्न खाल्ले त्याची ओळखही त्या दिवसांत भरवशाची राहत नाही. कवींना गंड दिसले, मद दिसला, भ्रमर दिसले. साखळदंड बांधावयास खाली वाकलेला माणूस दिसला नाही.

यावर कोणी म्हणेल की, हा विषयच रूक्ष. कडीकुलपाच्या हकिकतीत रस तो कोठला? या आक्षेपाचे उत्तर शोधण्यास या शहरातून फार दूर जावयास नको. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात पंधराशे वर्षांपूर्वीच्या चित्रकारांनी बंदिस्त हत्तीच्या दोन कथा रंगविल्या आहेत. एक नालागिरीची. देवदत्ताच्या कारस्थानाने मदोन्मत्त करून राजगृहाच्या रस्त्यात सोडलेला तो हत्ती, उडालेला हाहाकार, आणि शेवटी बुद्धाच्या पायांशी त्याचे नमणे. ही करुणेच्या विजयाची कथा, आणि ती प्रसिद्धही तितकीच. दुसरी मातृपोषक जातकाची. आंधळ्या आईचे पोषण करणारा हत्ती पकडून राजाच्या गजशाळेत आणला आहे; पुढे अन्न ठेवलेले आहे, आणि तो त्याला सोंडही लावीत नाही. सेवक भोवती आहेत, पण त्यांचा काही इलाज चालत नाही. अखेर राजा त्याला सोडून देतो आणि मायलेकरांची भेट होते.

पहिल्या चित्रात चमत्कार आहे. दुसऱ्यात चमत्कार नाही. परंतु बंदिस्त जनावर आणि त्याला खाऊ घालणारा माणूस यांच्यामधील सत्य संबंध त्यात आम्हाला अधिक आढळतो. हत्तीला धरून आणण्याचा हुकूम त्या सेवकांचा नव्हता, आणि त्याला सोडण्याचा अधिकारही त्यांचा नाही. मधल्या काळात त्याच्या दुःखापुढे आणि प्रसंगी त्याच्या क्रोधापुढे उभे राहणे एवढेच त्यांच्या वाट्याला आले आहे. आमच्या वाङ्मयाने नालागिरीचे चित्र पुनःपुन्हा काढले. मातृपोषकाच्या गजशाळेत ते फारसे शिरले नाही.

कौटिल्यासारख्या रोखठोक ग्रंथकारानेही या माणसांची गणती केली आहे. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात हत्तींच्या परिवाराची जी यादी आहे, तीत वैद्य आणि आरोहक यांच्या जोडीने अन्न शिजविणारा, चारा घालणारा, पाय बांधणारा आणि शाळा राखणारा यांचाही निराळा निर्देश आहे. जागा अस्वच्छ ठेवल्यास किंवा चारा न दिल्यास दंड सांगितला आहे. दंडापुरती का होईना, त्या कारभाराला ही माणसे ठाऊक होती.

हा प्रश्न केवळ वाङ्मयाचा असता तर इतका विस्तार केला नसता. समाज ज्या गोष्टी वाचतो त्यांवरून काय मागावयाचे हे तो ठरवितो. प्राण्यांजवळ राहण्यास धैर्य पुरते किंवा माया पुरते, असे ज्याच्या मनाने घेतले, तो दुहेरी दारे, पुरेशी माणसे, नव्या नोकरांचे शिक्षण आणि अपघातानंतर कुटुंबाची सोय यांविषयी विचारीत नाही. मग अपघात घडला की ‘हलगर्जीपणा’ हा एक शब्द सर्वांना पुरतो, आणि तो बहुधा मेलेल्याच्या नावावर जमा होतो. सिद्धार्थ उद्यानाची प्राणिसंग्रहालय म्हणून असलेली मान्यता 2018 साली केंद्रीय प्राधिकरणाने काढून घेतली होती, आणि अपुरी जागा हे त्याचे एक कारण होते. तेव्हा जनावरांच्या कोंडमाऱ्याची चर्चा झाली, ती योग्यच झाली. परंतु अपुऱ्या जागेत कोंडलेले जनावर चिडते, आणि ते चिडले म्हणजे सर्वांत जवळ कोण असतो, हा प्रश्न त्याच चर्चेत विचारावयास हवा होता. पुढे मिटमिट्याला विस्तीर्ण जागेत नवे प्राणिसंग्रहालय उभारण्याचे काम हाती घेण्यात आले. तेथील पिंजऱ्यांच्या पुढच्या बाजूविषयी नागरिक उत्साहाने बोलतात. मागच्या दारांविषयीही त्यांनी विचारावे.

वीराची कथा मराठीत झाली, मित्राची झाली. आता नोकराची व्हावी. तिला अद्भुत प्रसंगांची गरज नाही. पहाटे कुलपे तपासणारा, जनावराच्या चालीवरून त्याचे मन ओळखणारा, त्याच्यावर जीव असूनही त्याच्यावर विश्वास न टाकणारा माणूस ज्याला नीट पाहता येईल, त्याला विषयाची वाण पडणार नाही. प्रेम आणि अविश्वास ही दोन्ही एकाच मनात रोज सांभाळावी लागणे, यापेक्षा अवघड व्रत ते कोणते? ते पाळणारी माणसे आपल्या गावात आहेत. पुढच्या सुट्टीत मुलांना घेऊन वाघ पाहावयास जाणाऱ्यांनी, वाघाने मान वळविली की क्षणभर त्याच दिशेस पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.